साध्या परवान्यावर घर चालवताना : सातारा ते हरिपूर

मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, चालवते म्हटलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, "एवढी मोठी गाडी चालवता म्हणजे हेवी लायसन्स काढलंत?" नाही काढलं. माझ्याकडे चारचाकीचा साधा परवाना आहे, ज्यावर मी रोज बाजारात आणि शाळेत जाते तोच. या प्रवासातही तोच खिशात होता, आणि तो पूर्णपणे कायदेशीर होता.

कारण सोपं आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये हलक्या मोटार वाहनाची मर्यादा ७,५०० किलो ठरलेली आहे. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चेसिसवर बांधलेली छोटी मोटरहोम सगळं सामान भरूनही साडेतीन-चार टनांच्या आसपास राहते. माझ्या दिरांची गाडी अशीच आहे. पुढे दोन सीट, मागे पट्ट्यासकट एक, एक पलंग, एक बाक, दोन शेगड्या, छोटा फ्रिज आणि संडास. आरसी बुकावर तिची नोंद खासगी वापराची कॅम्पर व्हॅन म्हणून आहे, त्यामुळे नंबरपाटी पांढरी. पण कुणी भाड्याने मोटरहोम घेतली आणि ती व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेली असली, तरी ७,५०० किलोच्या आत साधा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं म्हटलं होतं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यातल्या वर्षानुवर्षांच्या वादातून हा निकाल आला. त्याचा फायदा टेम्पोचालकांना झाला तसा माझ्यासारखीलाही झाला.

माझा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे १ जानेवारी १९९७ पासून पुढे ज्यांनी गाडीची परीक्षा दिली त्यांना साध्या परवान्यावर साधारणपणे ३,५०० किलोपर्यंतच चालवता येतं. त्याआधी पास झालेल्यांना ७,५०० पर्यंत मुभा. त्यामुळे तिकडे मोटरहोम घेताना लोक एकेक किलो मोजतात. मला ती सवय फार चांगली वाटते. आपल्याला कायद्याने दुप्पट मोकळीक दिली आहे, म्हणून आपण मोजतच नाही.

ही सगळी खटपट आईसाठी होती. वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. माहेर हरिपूरचं, सांगलीजवळ. एसटीने किंवा गाडीने जायचं म्हटलं की तिचा पहिला विचार असतो, वाटेत संडास कुठे आणि तो कमोड असेल का. त्या धास्तीने ती आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडते. गेली काही वर्षं तिने प्रवासच बंद केला होता. संडास आपल्याबरोबर असला तर ती येईल, एवढ्या एका विचारावर मी दिरांकडे गाडी मागितली.

गुरुवार

पुण्यात भाऊजींनी चावी देण्याआधी तासभर गाडीभोवती फिरवलं. लांबी साडेअठरा फूट, आरशांशिवाय रुंदी सव्वासहा, छतावरच्या सोलर पॅनेलसकट उंची सव्वानऊ. हा शेवटचा आकडा त्यांनी पट्टीवर लिहून काचेच्या वर चिकटवून ठेवला आहे. "वहिनी, रुंदी डोळ्यांना दिसते, उंची दिसत नाही," असं ते म्हणाले, आणि पुढे चार दिवस मी ते वाक्य मनात म्हणत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी रस्त्यावर खडूने रेघ मारून दाखवली. मागच्या चाकाच्या मागे गाडीचा चार फुटांचा भाग लोंबतो. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की गाडीचं ढुंगण उजवीकडे बाहेर येतं. रेघ ओलांडून ते बाहेर गेलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेव्हा कळलं. पंपावर, टोलनाक्यावर, गल्लीच्या तोंडाशी खांब किंवा दुचाकी लागते ती इथेच. छोट्या गाडीत हा प्रश्न जवळजवळ नसतो, म्हणून त्याची सवय आपल्याला नसते.

कागद बघितले: आरसी, विमा, पीयूसी, फास्टॅग. विम्यात गाडीचा प्रकार आरसीशी जुळतो का, हे नीट वाचायचं. जुनी व्हॅन घेऊन परस्पर आत पलंग-शेगडी बसवणारे बरेच आहेत. कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. अशा गाडीला अपघात झाला तर परवाना कितीही बरोबर असला तरी भांडण विम्याशी होणार.

खंबाटकी घाट पुण्याहून येताना चढावाच लागला. जुना बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी. गाडी दुसऱ्या गियरमध्ये शांतपणे चढली. मी डावी लेन सोडली नाही, पुढच्या ट्रकच्या मागे मागे गेले. मागच्यांनी हॉर्न वाजवले, वाजवू दिले. आनेवाडीचा टोल पार करून दिवस मावळायच्या आत साताऱ्यात. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे खालच्या भुयारी रस्त्यात, न उतरता वरच्या रस्त्याने घरी गेले, कारण पहिल्याच दिवशी उंचीची परीक्षा नको होती.

शुक्रवार

सकाळी आईला चढवलं. गाडीची पायरी उंच होती, म्हणून लेकीने लाकडी पाट आणून खाली ठेवला. चालू गाडीत पलंगावर कुणी झोपायचं नाही, हा नियम मी निघतानाच सांगितला. पलंगाला पट्टा नसतो. जोराचा ब्रेक लागला तर झोपलेलं माणूस थेट पुढच्या काचेवर. आई पुढे माझ्याशेजारी, लेक मागच्या पट्ट्याच्या सीटवर. गॅसचा कॉक बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या, फ्रिजच्या दाराला चिकटपट्टी.

सज्जनगडाच्या पायथ्याच्या वाहनतळापर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे पायऱ्या. आई चढणार नव्हती, तिला ते आधीच माहीत होतं. लेक वर जाऊन समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन आली. तोवर आम्ही दोघी दार उघडं टाकून बसलो, समोर उरमोडी धरणाचं पाणी चमकत होतं. आईने चहा स्वतः केला. शेगडीपाशी उभी राहून, एका हाताने कपाटाची कड धरून. किती वर्षांनी तिने प्रवासात स्वतःच्या हातचा चहा प्यायला असेल! लेकीने प्रसाद आणला तो तिने डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "इथवर आले, पुष्कळ झालं."

पुढे ठोसेघर. डिसेंबरात धबधबा बारीक होतो, पण गर्दी नसते आणि मला गर्दी नसण्याचीच गरज होती, कारण त्या रस्त्यावर समोरून बस आली की कुणीतरी मागे जावं लागतं. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा जुना शिरस्ता आहे आणि वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांतही तो आहे. मी चढत होते. तरी दोनदा मीच थांबले, कारण एसटीच्या ड्रायव्हरला त्याच्या गाडीचा इंच न् इंच माहीत असतो. तो हात करून "थांबा ताई, मी काढतो" म्हणाला, आणि त्याने काढली. कमावलेलं कौशल्य असं जवळून बघायला मिळालं की मन भरून येतं.

रात्री मुक्काम चाळकेवाडीच्या पठारावर. एका छोट्या हॉटेलच्या मालकाला विचारून त्याच्या आवारात गाडी लावली, जेवण त्याच्याकडेच घेतलं. पिठलं, भाकरी, खर्डा. न विचारता माळावर कुठेही गाडी लावू नये असं माझं ठाम मत आहे. ती कुणाची तरी जमीन असते. पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत हे रात्री दहानंतर समजलं. वाऱ्याने गाडी डोलायला लागली. उंच, सपाट बाजू म्हणजे शिडाला वारा लागावा तसंच. आई घाबरली. मी उठून गाडी फिरवली, तोंड वाऱ्याकडे केलं आणि डोलणं निम्म्यावर आलं. माळावर मुक्काम असला की वाऱ्याची दिशा बघूनच गाडी लावायची. गाडी चालवतानाही हेच. मोकळ्या पठारावर किंवा लांब पुलावर आडवा वारा गाडीला बाजूला ढकलतो, तिथे वेग चाळीसवर आणायचा आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं.

शनिवार

उतरताना चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, ही माझ्या वडिलांची शिकवण. साडेतीन टन वजन नुसत्या ब्रेकवर धरून ठेवलं तर ब्रेक तापतात, वास येतो, आणि मग ते धरतच नाहीत. इंजिनाला धरू द्यायचं. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही; दाबायचा, सोडायचा. चाळकेवाडीहून थेट खाली उतरणारी दुसरी वाट गावकऱ्यांनी सुचवली होती. मी आलेल्याच रस्त्याने परतले. कालच्या प्रत्येक वळणाची ओळख झालेली होती आणि आई सोबत होती.

नागठाणे, उंब्रज, तासवड्याचा टोल, कराड. महामार्गावर मी सत्तरच्या वर गेले नाही. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात होता. उसाने भरलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ओव्हरटेक करायला अंतर लागतं ते छोट्या गाडीच्या दुप्पट, कारण आपल्याला पळायला वेळ लागतो आणि पुढे गेल्यावर आपली शेपटी आत यायलाही वेळ लागतो. म्हणून या भागात नोव्हेंबर ते मार्च अंधारात मोटरहोम चालवू नये. सहा वाजता गाडी लागलीच पाहिजे.

आता या दिवसातलं मुख्य काम. कराडच्या अलीकडे रस्त्याकडेला एक वजनकाटा दिसला आणि मी गाडी आत घातली. सातारा-सांगलीत या एका गोष्टीची चणचण नाही, ऊस आहे तिथे काटा आहे. काटेवाल्याला आश्चर्य वाटलं. "यात काय भरलंय?" त्याने विचारलं. "आम्ही," लेक म्हणाली.

आरसीवर भरलेल्या गाडीची मर्यादा ३,५१० किलो. काट्यावर आम्ही तिघी, पूर्ण पाणी, सिलिंडर, अंथरुणं, आईची खुर्ची, साताऱ्याहून घेतलेले कंदी पेढे, सगळं धरून ३,३८० आलं. म्हणजे १३० किलो शिल्लक. दोन मोठी माणसं वाढली असती तर संपलं. परवान्याची मर्यादा ७,५०० असली तरी गाडीची स्वतःची मर्यादा ३,५१० आहे, आणि रस्त्यावर लागू होते ती ही दुसरी. आरसीतल्या वजनापेक्षा जास्त माल किंवा माणसं भरली तर कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि जादा टनामागे २,००० वेगळे. दंडापेक्षा मला टायरची काळजी जास्त आहे.

काटेवाला हुशार निघाला. म्हणाला, "ताई, नुसतं टोटल बघून काय उपयोग? मागचं चाक एकटं चढवा." तसं केलं. मागच्या ॲक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्यावर, २,०९० किलो. गाडीच्या पत्र्यावरच्या पाटीत मर्यादा २,२१०. म्हणजे पुढे मोकळं आणि मागे जवळजवळ भरलेलं, कारण ९० लिटरची पाण्याची टाकी मागच्या चाकाच्याही मागे आहे. पाणी लिटरला एक किलो. टाकी निम्मी केली की ४५ किलो गेले, तेही सगळ्यात वाईट जागेवरचे. आम्ही निम्मं पाणी तिथल्याच झाडांना घातलं. काल घाटात गाडीचं तोंड हलकं का वाटत होतं, ते पावती हातात घेतल्यावर कळलं. त्याने पैसे घेतले नाहीत, आईच्या पाया पडला. आईने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

संध्याकाळी कराडच्या प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात आणि इथे समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आई बराच वेळ बसली. तिच्या वडिलांनी त्यांची भाषणं ऐकलेली. वाहनतळाच्या वेगळ्या वाटेवर लोखंडी आडवी कमान होती, आमच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी उंचीची. लेक आधी उतरून बघून आली आणि आम्ही बाहेरच थांबलो.

एक गोष्ट इथे कळकळीने सांगते. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी गाडीच्या खालच्या टाकीत साठतं. नदीकाठी गाडी लावायची आणि रात्री तो कॉक सोडून द्यायचा, हे मी दुसऱ्या मोटरहोमवाल्यांच्या तोंडून ऐकलं आहे. तुम्ही जिथे साबणाचं पाणी सोडता तिथून खाली कुणीतरी घागर भरत असतं. आम्ही ती टाकी मुक्कामाच्या लॉजच्या मोरीत, बादलीने, विचारून रिकामी केली. वीस मिनिटं लागली.

रविवार

कराडहून शेणोली, ताकारीच्या बाजूने देवराष्ट्रे. रेल्वेच्या भुयारी मार्गाआधी उंचीची पाटी असते ती थांबून वाचली, मग काचेवरची पट्टी वाचली, मग गेले. देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव, १२ मार्च १९१३. गावालगत सागरेश्वर अभयारण्य. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून, हरणं सोडून वाढवलेलं. त्यामागे धों. म. मोहिते यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. गाडी फाटकाबाहेर ठेवली. देवळांच्या आवारात आईला खुर्चीवर बसवलं, आणि एक मोर तिच्या समोरून निवांत गेला.

फाटकाजवळच्या शेतात ऊसतोडीची टोळी उतरली होती, बीडकडची. पाचटाच्या कोप्या, बाहेर चूल, दोरीवर लुगडी. एक बाई पोराला कडेवर घेऊन गाडीपाशी आली आणि आत डोकावून म्हणाली, "संडास बी हाय व्हय आत?" मी हो म्हटलं. तिने विचारलं, जाऊ का? आई म्हणाली, "जा की गं बाई." तिच्यामागे आणखी दोघी आल्या. सहा महिने उघड्यावर राहणाऱ्या बायकांना पहाटेच्या अंधाराची वाट बघावी लागते, हे मला माहीत होतं. पण आईच्या गुडघ्यांसाठी मी जी सोय आणली ती त्यांना रोज, साध्या दाराआड, मिळायला हवी हे त्या दिवशी फार लागलं. आम्ही तिथून तासभर उशिरा निघालो.

पलूसमार्गे सांगली. हरिपूरचा रस्ता झाडांचा, अरुंद, आणि गावात शिरल्यावर आणखी अरुंद. इथे मी गाडी आत नेलीच नाही. मामेभावाला फोन केला, तो दुचाकी घेऊन आला, त्याच्या ओळखीच्या हळदीच्या वखारीच्या अंगणात गाडी लावली. मागे घेताना लेक मागे उभी. तिची आणि माझी खूण ठरलेली होती. ती आरशात दिसेनाशी झाली की मी थांबायचं, तिचा आवाज येवो न येवो. आजूबाजूचे चारजण "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. मी फक्त तिच्याकडे बघत होते. एकाच माणसाचं ऐकायचं.

आई माहेरच्या अंगणात पोचली. मामेभावाच्या सुनेने पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. संगमेश्वराच्या देवळात, जिथे वारणा कृष्णेला मिळते, आईला दोघांनी धरून नेलं. हळदीची पेवं कुठे होती ते तिने बोट दाखवून सांगितलं. जमिनीत खोल खड्डे, आत हळद ठेवून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं किडा लागत नसे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच खराब झाली. रात्री ती घरात झोपली नाही. "माझी खोली बाहेर उभी आहे," म्हणाली आणि गाडीत येऊन झोपली.

सोमवार

मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन आलो, रिक्षाने. सांगलीत भडंग घेतलं. मग आष्टा, पेठ नाका आणि महामार्गाने परत.

परतीच्या वाटेवर एकच अवघड काम, संडासाची पेटी. ती ओढून बाहेर निघते, सुटकेससारखी चाकांवर चालते आणि कमोडमध्येच ओतावी लागते. एका पंपावर नाही म्हणाले. दुसऱ्यावर मॅनेजरला मी आईला दाखवून कारण सांगितलं, त्याने हो म्हटलं, आम्ही ओतून, धुवून, फिनाईल टाकून दिलं. महाराष्ट्र शासनाचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ चं आहे. मला मोठे पार्क नकोत. कासच्या, सज्जनगडच्या, प्रीतिसंगमाच्या वाहनतळावर एक नळ, आणि सेप्टिक टँकला जोडलेलं झाकणाचं एक तोंड, एवढं झालं तरी आईच्या वयाची कितीतरी माणसं घराबाहेर पडतील.

गाडी परत देताना भाऊजींना काट्याची पावती दिली आणि पाण्याची टाकी पुढे सरकवता येईल का ते विचारलं. ते म्हणाले, बघू, पण बदल आरटीओला दाखवूनच. लेकीने विचारलं, "काका, मी कधी चालवू?" ती १९ वर्षांची आहे, परवाना वर्षापूर्वीचा. खासगी नोंदणीची गाडी असल्याने कायद्याने ती आजच चालवू शकते. व्यावसायिक नोंदणीची असती तर २० पूर्ण व्हावी लागली असती. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आधी जानेवारीत रिकाम्या मैदानावर, टाक्या रिकाम्या करून, चार वेळा मागे घ्यायला शिकेल. मग खडूच्या रेघेवर वळेल. मग महामार्ग. खंबाटकी सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा शेजारच्या सीटवर मी असेन.